बुरन्याच्या मरणाचं कव्हर

१

बुरन्याला पुरून आल्यापासून पुष्पाबाई पाटलांच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस निघाला नव्हता. रडायचं ते मागाहून. आधी मारणारा हाती लागायला हवा होता.

बुरन्या म्हणजे तपकिरी रंगाचा, धष्टपुष्ट लॅब्राडोर. सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या एका इंजिनियर साहेबाकडे पुष्पाबाई स्वयंपाकाला होत्या. साहेबाची बदली झाली आणि त्याचा ब्रूनो कोसाडच्या वसाहतीत येऊन बुरन्या झाला. मोठ्या घरची शिस्त मात्र त्याने सोडली नाही. रस्त्यावरचं, पुड्यातलं, परक्याच्या हातचं काही तो तोंडात घेत नसे. सगळ्या जगात दोनच स्वयंपाकघरं त्याला मान्य होती, एक पुष्पाबाईंचं आणि दुसरं समोरच्या सरस्वतीचं.

म्हणून तर बोट सरस्वतीकडे गेलं. ती आणि तिचा नवरा बाबुराव मराठवाड्यातले, दोघं लूमच्या कारखान्यात कामाला. बुरन्याने बाबुरावची नवी चप्पल चावून टाकली होती, तेव्हा तो अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा ओरडला होता, "एक दिस विष घालतो ह्याला!" आता खरोखरच विषाने बुरन्या गेला होता, आणि त्या सकाळी त्याने खाल्ली होती ती सरस्वतीने दिलेली दूधभाकर.

पुष्पाबाईंचा मुलगा योगराज चार पोरं घेऊन त्यांच्या दारावर लाथा घालून आला. पुष्पाबाई स्वतः जिन्यात उभ्या राहून गरजल्या, "संध्याकाळपर्यंत खोली खाली करायची! नाहीतर सामान खाली फेकीन!" वसाहतीत पुष्पाबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. बाबुराव मुकाट्याने टेम्पो बघायला गेला.

दुपारी दारात एक बाई उभी राहिली. सावळी, चाळिशीची, हातात हेल्मेट. तारा वानखडे, विमा कंपनीची तपासनीस. माणूस वऱ्हाडातलं, पण हयात सुरतेत गेलेली.

"मावशी, बुरन्याच्या मरणाचे पैसे कधी मिळतील, असं विचारणारा मेसेज तुमच्या फोनवरून आमच्या कंपनीला आला आहे."

पुष्पाबाईंच्या कपाळाची शीर उडाली. "माझा कुत्रा मेला, आणि त्याचे पैसे मागतं कोण? काल संध्याकाळी घरात गर्दी होती. आला असेल कोणी हावरा."

"संध्याकाळी नाही," तारा म्हणाली. "मेसेज काल सकाळी आला. तेव्हा तुमचा बुरन्या जिवंत होता."

२

पुष्पाबाईंनी ताराला आत घेतलं. मग त्यांनी दार लावून घेतलं.

त्यांचा फोन दिवसभर घरीच असे. हजीऱ्याला ज्या कँटीनमध्ये त्या हल्ली राबत, तिथे फोन आत नेऊ देत नाहीत. घरात तो टीव्हीशेजारी पडलेला, ना कुलूप ना काही. ज्याला वाटेल त्याने उचलावा.

"काल सकाळी घरात कोण कोण होतं?"

"मी पहाटेच कामावर गेले. घरी योगराज आणि सूनबाई, वर्षा. आणि रोट खायला पुतण्या आला होता, धर्मेंद्र."

"रोट?"

ह्या बाईला रोट माहीत नाहीत म्हटल्यावर पुष्पाबाईंना आधी तिची कीव आली, मग त्यांनी समजावून सांगितलं. श्रावणात खानदेशची देवी कानबाई बसते. तिच्या नावाने गहू दळायचे, त्याच्या जाडजूड पोळ्या करायच्या, सोबत पुरण. ते रोट संपेपर्यंत पाटलांच्या घरात दुसरं काही रांधायचं नाही, आणि ते खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याला त्यातला कणही द्यायचा नाही. उष्टंसुद्धा बाहेर टाकायचं नाही, मातीत पुरायचं. इथे चौथ्या मजल्यावर माती कुठली? म्हणून पुष्पाबाईंनी गॅलरीत मोठी कुंडी ठेवली होती. कुत्रा काही भाऊबंद नव्हे, तेव्हा त्या दिवसांत बुरन्याचं जेवण सरस्वतीकडे असे. हे दर वर्षीचंच.

ऐकता ऐकता तारा स्वयंपाकघरात शिरली. पाणी मागून आत जायची तिला सवयच होती, आणि दिलेलं पाणी ती बहुतेक वेळा पीत नसे. ओट्यावरच्या झाकलेल्या टोपलीकडे तिने हात नेला मात्र, पुष्पाबाई कडाडल्या, "हात लावू नका!"

ताराने हात मागे घेतला. रागावली नाही. उलट त्या टोपलीकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"आता विम्याचं सांगा. कव्हर कोणतं घ्यायचं, हे कोणी ठरवलं?"

ते तर सगळ्या घराने जेवताना ठरवलं होतं. धर्मेंद्र विम्याचा एजंट. वाटी, ताटली आणि परात पुढे मांडून त्याने समजावलं होतं. वाटी म्हणजे साधं कव्हर, कुत्रा मेला तर ठरलेली रक्कम, दवाखान्याचा खर्च आपला. ताटली म्हणजे आजारपण, अपघात, विषबाधा, ऑपरेशन असा सगळा उपचार, पण मेल्यावर काही नाही. परात म्हणजे दोन्ही, वर कुत्रा हरवला किंवा कोणाला चावला तरी कंपनी बघणार. धर्मेंद्र अर्थातच परातीच्या बाजूने. वर्षा म्हणाली, कुत्र्याचे केस आवरता आवरता माझा जीव जातो, माझंच कव्हर काढा. योगराजने वाटी उचलली. "हे बस झालं." वाटीवर सगळ्यांचं एकमत झालं आणि बैठक उठली.

"म्हणजे साधं कव्हर," तारा म्हणाली. तिचा चेहरा कोरा होता, पण पुष्पाबाईंना तो कोरेपणा खोटा वाटला. ही बाई सगळं जाणून आली होती.

पुष्पाबाईंनी आवाज खाली आणला. "नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटीच धर्मेंद्रच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मेल्यावर पैसे घेऊन मी काय करू? त्याला जगवायला लागतील ते द्या. ताटली घेतली. घरात सांगू नको म्हणून धर्मेंद्रला कानबाईची शपथ घातली. सांगितलं असतं तर महाभारत झालं असतं."

"मग मावशी, जे पैसे मिळणारच नव्हते, ते मागितले कोणी?"

पुष्पाबाईंना एकदम धर्मेंद्रचा गुळगुळीत चेहरा आठवला, आणि अंगाचा तिळपापड झाला. मेल्याने आपल्याला फसवलं तर नसेल? ताटली सांगून वाटीच चालू ठेवली तर नसेल?

३

तारा आधी समोरच्या दारात गेली. पुष्पाबाई मागे उभ्या राहिल्या, पदर खोचून, दात आवळून. आत बोचकी बांधून ठेवलेली होती. सरस्वतीचे डोळे सुजले होते.

"म्या दूधभाकर दिली, खोटं कामून बोलू?" ती म्हणाली. "निम्मीबी नाही खाल्ली त्यानं. पोट भरल्यावाणी करत व्हता. म्या म्हणलं, ह्याला आज कुणी आधीच खाऊ घातलं का काय!"

"ऐका हिचं!" पुष्पाबाई फणकारल्या.

"मग ओकायला लागला. तुमच्या सुनेला हाका मारल्या. ती म्हणली, ह्यांना इचारते. इचारून आली ती रडतच, दवाखान्यात नेऊ नका म्हणत्यात म्हणून. म्या म्हणलं, चुलीत गेलं त्यांचं म्हणणं. दोघींनी उचलला, रिक्षात घातला. माझ्याच मांडीवर जीव गेला लेकराचा, ताई."

पुष्पाबाईंनी मान फिरवली. बाईला अभिनय चांगला येतो, असं त्यांनी मनाला बजावलं. पण ते मनात नीट बसेना.

वर्षाने काही लपवलं नाही. "ह्यांना फोन केला तर म्हणाले, उपचाराचा खर्च आपल्या कव्हरमध्ये नाही, आई येईपर्यंत थांब. मी थांबले. थोडा वेळ थांबलेच मी." मग तिने नाक पुसलं. "तो मला आवडायचा नाही, ताई. माझ्या गादीवर झोपायचा. पण तसं ओकताना कोणाला बघवतं का?"

धर्मेंद्र अमरोलीच्या ऑफिसातून धावत आला. गळ्यात सोनसाखळी, तोंडात अर्धं गुजराती. "बेन, हूं तो रोट खाऊन सीधा ऑफिसला गेलो. काकीचा फोन? मी कशाला हात लावू? माझा स्वतःचा फोन पाहा ना, केवढा मोठा आहे!"

"बुरन्याला कव्हर कोणतं होतं?"

त्याने चोरून पुष्पाबाईंकडे पाहिलं. शपथ होती. "ते काकीला विचारा," एवढंच तो म्हणाला, आणि रुमालाने मान पुसू लागला. पुष्पाबाईंनी त्याला असं काही पाहिलं, की तो अर्धा पाऊल मागे सरकला.

योगराजला बोलतं करायला लागलंच नाही. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यातून सुट्टी टाकून तो जिन्यात बसून होता, समोरच्या दारावर डोळा ठेवून. "मी सांगतो ना, मॅडम! बाबुराव सगळ्यांदेखत बोलला होता. आणखी काय पुरावा पाहिजे? आज तो इथून जाणार म्हणजे जाणार. माझ्या बुरन्याला मारतो काय!" त्याने कठड्यावर मूठ आपटली. त्याच्याकडे पाहून पुष्पाबाईंनाही भरून आलं. एवढ्या घरात आपल्यासारखा पेटलेला हा एकच, असं त्यांना वाटलं.

ताराने पुष्पाबाईंना बाजूला घेतलं. "इथे येण्याआधी मी जनावरांच्या डॉक्टरांना भेटले. बुरन्याच्या पोटातून जे निघालं ते त्यांनी ठेवलंय. वर थोडी ज्वारी आणि दूध होतं, ते साफ होतं. विष त्याखाली होतं. उंदराचं औषध, गव्हाच्या जाड पोळीत कालवलेलं. आणि पोळीबरोबर पुरण."

पुष्पाबाईंनी वळून आपल्याच दाराकडे पाहिलं.

"मला आत्ताच कळलं ते रोट असणार," तारा हळूच म्हणाली. "तुमच्या टोपलीला हात लावू दिला नाहीत ना, तेव्हा. ही गोष्ट डॉक्टर, मी आणि आता तुम्ही, एवढ्यांनाच ठाऊक आहे. तोंडातून काढू नका."

पुष्पाबाई मनात हिशेब लावू लागल्या. परक्याच्या हाती रोट पडत नाही, म्हणजे सरस्वती सुटली. आणि भाऊबंदाचा हात कुत्र्याला रोट घालायला धजत नाही, म्हणजे घरातलेही सुटले. मग बुरन्याला काय कानबाईने मारलं?

आणि तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. बाबुरावचा टेम्पो आला होता.

४

"आता लगेच सगळ्यांना बसवा," तारा म्हणाली. "मी फक्त कव्हरचं सांगणार आहे. तुम्ही बोलू नका. नुसते चेहरे बघा."

वर्षा दाराशी टेकून बसली, धर्मेंद्र खुर्चीवर, योगराज खिडकीशी उभा राहिला. एक डोळा खालच्या टेम्पोवर. तारा दाव्याचा निकाल सांगावा तशी सरळ आवाजात बोलली.

"बुरन्याच्या विम्यात उपचाराचा सगळा खर्च होता. विषबाधेचासुद्धा. मरणाचे पैसे मात्र त्यात नाहीत. एक दमडीही मिळणार नाही."

धर्मेंद्रने सुटकेचा श्वास सोडला. त्याला ह्यात नवीन काहीच नव्हतं. गुपित त्याच्या तोंडून फुटलं नाही, एवढंच त्याला पुरे होतं.

वर्षाने दोन्ही हात तोंडावर घेतले. "खर्च मिळणार होता? मग मी कशाला थांबले हो! तेव्हाच नेला असता तर वाचला असता!" आणि ती हमसून रडू लागली.

योगराज खिडकीतून गर्रकन वळला. "मिळणार नाहीत? काबरं? वाटी घेतली होती ना आपण! माय, तू कधी बदललं? मला न विचारता?"

पुष्पाबाई मुलाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. एकच वाक्य तिघांनी ऐकलं होतं. सुनेला त्यात कुत्र्याचा वाचू शकला असता तो जीव ऐकू आला. मुलाला मरणाचे बुडालेले पैसे ऐकू आले.

"सकाळचा मेसेज ज्याने पाठवला, त्याला हा बदल ठाऊक नव्हता," तारा म्हणाली. "धर्मेंद्रभाईंना ठाऊक होता, ते हा प्रश्न विचारणारच नाहीत. राहिले तुम्ही दोघं. मरणाची वाट बघणारं माणूस कुत्र्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात धावत नाही. फोनवरून 'नेऊ नको' म्हणतं."

"खर्चाला घाबरलो म्हणून मी मारला का?" योगराज उसळला. "काय बोलता! आपल्यातला कोणी कुत्र्याला रोट घालेल का? पाप लागतं!"

ताराने पुष्पाबाईंकडे पाहिलं.

पुष्पाबाई उठल्या. दोन पावलांत त्या त्याच्यापुढे उभ्या होत्या. "रोटाचं नाव तुझ्यासमोर कोणी काढलं, योगराज?"

धर्मेंद्र वर्षाकडे बघू लागला, वर्षा नवऱ्याकडे. त्या दोघांनी तर सरस्वतीच्या भाकरीखेरीज काही ऐकलंच नव्हतं.

५

"दुसरं काही तो खात नव्हता," योगराज म्हणाला. आवाज बसला होता, पण मान ताठ होती. "बिस्किट टाकून पाहिलं, हुंगलंसुद्धा नाही साहेबाच्या कुत्र्याने. घरात रोटाशिवाय काय होतं? म्हटलं, आपल्यातल्या कोणावर संशय यायचाच नाही."

पुष्पाबाईंनी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. ती खोलीभर वाजली. मग त्यांच्या तोंडी घरची अहिराणी आली, जी रागात आणि दुःखात दोन्ही वेळी त्यांना हाताशी लागे.

"काबरं? काय बिघाडं व्हतं त्यानी तुनं?"

"माझा बाप सचिन गावातल्या मिलमध्ये भाजून मेला, तेव्हा काय मिळालं आपल्याला?" योगराज किंचाळला. "सेठ म्हणाला, सुकदेव पाटील नावाचा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता! एक माणूस विचारायला आला नाही. आणि कुत्र्याचं बघ! कुत्र्याला कव्हर! वाटी की ताटली की परात, जेवताना चर्चा! त्या रात्री मला घास गिळवला नाही. म्हटलं, बापाच्या मरणाचं काही मिळालं नाही ना, ह्याच्या मरणाचं तरी घेईन. सूड घेतला मी, समज."

धर्मेंद्रने मान खाली घातली. ते सगळं खरं होतं, हे पुष्पाबाईंना ठाऊक होतं. त्या सेठचं दार त्यांनी स्वतः कितीदा ठोठावलं होतं. क्षणभर त्यांना वाटलं, पोराला पोटाशी घ्यावं. पण मग रिक्षात सरस्वतीच्या मांडीवर तडफडणारा बुरन्या डोळ्यांपुढे आला.

"तुना बापले बुरन्यानी मारं व्हतं का रे?" त्या म्हणाल्या. "ज्यानी मारं त्याचा पत्ता तुले पाठ शे. त्याच्या दारात एक दिवस गया नहीस तू. तठे हिंमत व्हयनी नही, आणि आठे, जो तुना पायशी झोपे, त्याले विष घालं. ह्याले सूड म्हनतस?"

"माय, घरातली गोष्ट घरात ठेव," योगराज पुटपुटला. "मी पोऱ्या शे तुना."

"म्हनीसनच मी सोता लई जास तुले." पुष्पाबाईंनी त्याचं मनगट पकडलं. कँटीनचे डेग उचलणारा हात तो, योगराजला सोडवता येईना.

त्यांनी त्याला ओढत समोरच्या दारात नेलं. जिन्यात माणसं जमली होती, सामान खाली जाताना बघायला. बाबुराव डोक्यावर ट्रंक घेऊन उभा होता.

"सगळ्यांनी ऐका!" पुष्पाबाई ओरडल्या. "विष माझ्या पोराने घातलं. बाबुराव आणि सरस्वतीचा काडीचा दोष नाही. सामान वर न्या. कोणी बोट लावलं तर माझ्याशी गाठ आहे!"

बाबुरावने ट्रंक खाली ठेवली नाही. त्याने पुष्पाबाईंकडे शांतपणे पाहिलं.

"इष तुमच्या पोरानं घातलं, खरं हाय," तो म्हणाला. "पर संध्याकाळपर्यंत खोली खाली करा, हे कोण म्हणलं? सेठ सापडत नाही म्हणून त्यानं कुत्रं धरलं. मारणारा सापडत नव्हता म्हणून तुमी आमाला धरलं. निस्तं दारासमोर राहत व्हतो म्हणून."

सरस्वती बोचकं उचलून पुष्पाबाईंच्या अंगावरून खाली गेली. जाताना तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. टेम्पो सुरू झाला आणि कोसाडच्या फाट्याकडे वळला. पुष्पाबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. सूड सूड म्हणून त्या ज्याच्यासाठी कालपासून जळत होत्या, तो आता हातात आला होता, त्याचं मनगट त्यांच्या मुठीत होतं. आणि तरी हाती काही लागलं नव्हतं.

जनावराला विष घालणं गुन्हा आहे, तक्रार द्यायची की नाही ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा, असं तारा म्हणाली. पुष्पाबाईंनी चपला घातल्या.

पोलीस चौकीत हवालदाराने एकदा योगराजकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. आई स्वतःच्या मुलावर तक्रार लिहायला सांगते आहे, हे त्याला दोनदा विचारून घ्यावं लागलं. त्याने सगळं उतरवून घेतलं, खाली सही करायला सांगितली. पुष्पाबाईंनी सही केली आणि कागद परत त्याच्यापुढे सरकवला.

"आणखी एक तक्रार लिहा. बाबुराव आणि त्याच्या बायकोला दमदाटी करून राहत्या घरातून काढलं म्हणून."

"ए पण आना ऊपर?" हीसुद्धा ह्याच्यावरच का, म्हणून हवालदाराने पेन योगराजकडे रोखलं.

"नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. "लिहा. पुष्पाबाई सुकदेव पाटील."